जागांची सोंगं

इटलीच्या तोस्काना प्रांतात अरेत्सो नावाचं शहर आहे. त्याच्या मध्यावरचा मोठा चौक, पियात्सा ग्रांदे, सपाट नाही. एका बाजूने तो चांगलाच उतरता आहे, जणू पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून कुणी सारवलेलं अंगण कलतं ठेवलं असावं. या उतारावरून एक सायकल येते. सायकल चालवणारा बाप, त्याची बायको आणि चार-पाच वर्षांचा मुलगा असे तिघेही तिच्यावर बसलेले आहेत. ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ पाहिलेल्या माणसाला बाकी काही आठवो न आठवो, ही सायकल आठवते. ज्यांना कथा ठाऊक आहे त्यांच्या पोटात ती पाहताना गोळाही येतो. तिघंही हसताहेत आणि पुढे काय वाढून ठेवलं आहे ते आपल्याला माहीत आहे.

मूळ इटालियन नाव ‘ला विता ए बेल्ला’. डिसेंबर 1997 मध्ये तो इटलीत झळकला, 1998 मध्ये कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं आणि मार्च 1999 मध्ये तीन ऑस्कर मिळाली: परभाषिक चित्रपटाचं, निकोला पिओवानी यांच्या संगीताचं आणि रोबेर्तो बेनिन्यी यांच्या अभिनयाचं. दिग्दर्शकही बेनिन्यीच, विन्चेन्झो चेरामी यांच्याबरोबर पटकथा लिहिणारेही तेच, आणि नायिका दोरा झालेल्या निकोलेत्ता ब्रास्की त्यांच्या पत्नी. म्हणजे घरचंच कार्य. गोष्ट सुरू होते 1939 मध्ये. गुइदो हा विनोदी, बडबड्या ज्यू तरुण शहरात येतो, ज्यू नसलेल्या दोराच्या प्रेमात पडतो, लग्न करतो, पुस्तकांचं दुकान चालवतो. मग जर्मन येतात. गुइदो आणि लहानग्या जोझुएला छळछावणीत नेणाऱ्या गाडीत कोंबलं जातं आणि दोरा स्वतःहून त्याच गाडीत चढते. छावणीत बाप मुलाला सांगत राहतो की हा सगळा एक खेळ आहे, हजार गुण मिळवणाऱ्याला खराखुरा रणगाडा बक्षीस.

चित्रपटाचे सरळ दोन तुकडे पडतात, आणि त्या दोन तुकड्यांच्या जागाही वेगळ्या आहेत. पहिल्यासाठी एक नांदतं शहर मिळालं, दुसऱ्यासाठी एक मेलेला कारखाना. या जागा नकाशावर शोधायला निघालं की एक गंमत हळूहळू लक्षात येते. कोकणातल्या दशावतारात एकच माणूस रात्रभरात दोन-तीन सोंगं घेतो, तशी या जागांनीही निरनिराळी सोंगं घेतलेली आहेत, आणि त्यातली काही कॅमेरा यायच्या कितीतरी आधीची.

अरेत्सोच का, याचं एक उत्तर जन्मदाखल्यात आहे. बेनिन्यी 1952 मध्ये अरेत्सोच्या दक्षिणेकडच्या कास्तिल्योन फिओरेंतिनो गावाच्या मानचानो ला मिझेरिकोर्दिया या वाडीत जन्मले. कुटुंब शेतकऱ्याचं, गरीब. वडील लुइजी सैन्यात होते. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने दोस्तांशी तह केला आणि कालपर्यंतच्या मित्राने, म्हणजे जर्मनीने, इटालियन सैनिकांना कैद करायला सुरुवात केली. अशा सहा लाखांहून अधिक सैनिकांना जर्मनांनी छावण्यांत डांबून राबवून घेतलं. लुइजी त्यांतले एक. जवळजवळ दोन वर्षांनी ते हाडांचा सापळा होऊन घरी आले. पुढे मुलांना ते छावणीच्या गोष्टी सांगत, पण हसवत हसवत, पोरं घाबरू नयेत आणि आपल्यालाही ते सगळं सोसावं म्हणून. गुइदोचा खेळ पटकथेच्या टेबलावर जन्मला नाही, तो आधी या स्वयंपाकघरात खेळला गेला होता. लुइजी ज्यू नव्हते, ती छावणीही मृत्युछावणीच्या जातीची नव्हती, हा फरक पुसू नये. पण सोसलेलं सांगायची रीत मुलाने बापाकडूनच उचलली आहे, आणि चित्रपटाचा पहिला अर्धा भाग त्याने आपल्याच जिल्ह्याच्या गावात नेऊन चित्रित केला.

आता तो चौक. एका कडेला जोर्जो वाझारीने आराखडा केलेली कमानींची लांबलचक ओसरी. वाझारी अरेत्सोचाच, जन्म 1511चा, चित्रकार-वास्तुकार, आणि कलावंतांची चरित्रं लिहून युरोपच्या कलेतिहासाचा पाया घालणारा. दुसऱ्या बाजूला सांता मारिया या जुन्या चर्चची गोलाकार पाठ, मध्येमध्ये बुरूजवजा उंच घरं, दगडी कंगोरे. पाहणारा म्हणतो, वा, मध्ययुग जसंच्या तसं जपलंय! यातलं बरंचसं मध्ययुग मात्र 1920 आणि 30 च्या दशकांत ‘परत आणलेलं’ आहे. मुसोलिनीच्या राजवटीला जुन्या वैभवाची हौस होती. त्या काळात या चौकातल्या इमारतींवर मागाहून चढलेले थर खरवडून काढले, बुरूज उंचावले, कंगोरे नव्याने बसवले. इथे वर्षातून दोनदा घोडेस्वार भाले घेऊन सारासिनच्या, म्हणजे मुस्लिम योद्ध्याच्या, लाकडी पुतळ्यावर धावतात. तो खेळ मुळात जुना, पण बंद पडलेला होता. त्याचं आजचं रूप 1931 पासूनचं.

म्हणजे पाहा. ज्या राजवटीची चित्रपट टर उडवतो, तिनेच त्याच्या नेपथ्याचा मोठा भाग साठ-पासष्ट वर्षं आधी उभारून ठेवला होता. बेनिन्यींच्या डोक्यात हे होतं का, या खोलात मी शिरत नाही. पण एक प्रसंग आठवा. गुइदो रोमहून आलेला शाळा तपासनीस असल्याची थाप मारून वर्गात उभा राहतो आणि टेबलावर चढून ‘श्रेष्ठ वंशा’चे पुरावे म्हणून स्वतःच्या कानाची पाळी आणि बेंबी दाखवतो. जुलै 1938 मध्ये इटलीत खरोखरच शास्त्रज्ञांच्या नावाने वंशाचा जाहीरनामा निघाला होता आणि त्याच वर्षी ज्यू मुलांना, शिक्षकांना सरकारी शाळांतून काढलं गेलं. खोट्या पुरातनतेचा सोस आणि खोट्या वंशशुद्धीचा सोस एकाच घरचे. म्हणून तो प्रसंग या शहरात अगदी चपखल बसतो.

चौकातून थोडं खाली उतरलं की सान फ्रांचेस्को चर्चसमोरची मोकळी जागा लागते. तिथला ‘काफे देई कोस्तांती’ दोनशे वर्षांहून जुना. तोही चित्रपटात दिसतो. पेत्रार्का नाट्यगृह दिसतं. कवी पेत्रार्का 1304 मध्ये याच शहरात जन्मला, म्हणून ते नाव. ऑपेरा चालू असताना गुइदो खाली बसून रंगमंचाकडे पाठ फिरवतो आणि वर बसलेल्या दोराकडे टक लावून पाहतो, ते दृश्य या नाट्यगृहाचं. अरेत्सोने या जागांवर चित्रपटाची आठवण सांगणारे फलक लावले आहेत. हातात नकाशा घेऊन फलकामागून फलक फिरणारे लोक भेटतात. ते पाहून आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीला ‘इथे अमक्या पिक्चरचं शूटिंग झालं’ सांगणारे टॅक्सीवाले आठवतात. फरक इतकाच की इथे टिप मागत नाहीत.

सान फ्रांचेस्को चर्चच्या आत मात्र जायलाच हवं. पिएरो देल्ला फ्रांचेस्काने पंधराव्या शतकाच्या मध्यास रंगवलेली भित्तिचित्रं तिथे आहेत. ‘लाइफ इज ब्यूटिफुल’च्या एक वर्ष आधी आलेल्या ‘द इंग्लिश पेशंट’मध्ये किप हा शीख सुरुंगतज्ज्ञ हाना या परिचारिकेला दोरावर वर खेचतो आणि हातातल्या ज्योतीच्या उजेडात ती भिंतीवरचे चेहरे पाहत झुलत राहते. ते चेहरे पिएरोचे, इथले. महायुद्धातल्या इटलीत भारतीय सैनिक होता ही गोष्ट जगभरच्या प्रेक्षकाला बहुधा त्या चित्रपटाने पहिल्यांदा सांगितली. तो धागा हातात राहू द्या, पुढे लागणार आहे.

बेनिन्यींच्या अरेत्सोत युद्ध जवळजवळ नाहीच. दुकानाच्या काचेवर ज्यूंना आणि कुत्र्यांना मज्जाव करणारी पाटी दिसते, मुलगा विचारतो, बाप म्हणतो की उद्या आपणही आपल्या दुकानावर कोळी आणि व्हिसिगॉथ यांना मज्जाव करू. दुकानाच्या शटरवर कुणी काहीबाही रंगवून जातं. एवढंच. खऱ्या अरेत्सोवर 1943 च्या अखेरीपासून दोस्तांच्या विमानांनी जबर बाँबफेक केली, कारण फ्लॉरेन्स-रोम रेल्वे इथून जाते. आणि शहराच्या नैर्ऋत्येला टेकडीवरच्या चिवितेल्ला गावात 29 जून 1944 रोजी, सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्या सणाच्या सकाळी, जर्मन सैनिकांनी गावातले पुरुष गोळा करून ठार मारले. आसपासच्या वस्त्या धरून त्या एका दिवशी 244 माणसं गेली. पडद्यावर यातलं काही नाही. मला हा दोष वाटत नाही. पहिल्या तासाभरात शहर निर्मळ, सोनेरी ठेवलं आहे ते गुइदोच्या नजरेने ठेवलं आहे. पण त्या उजळ भिंती पाहून परत येणाऱ्या पर्यटकाला चिवितेल्ला ठाऊक नसावं, हे खटकतं.

आता दुसरा तुकडा. अरेत्सोहून दक्षिणेला, उंब्रिया प्रांतात, तेर्नी शहराला लागून नेरा नदीच्या दरीत पापिन्यो नावाचं गाव आहे. गाव वर खडकावर आणि खाली नदीकाठी एक अवाढव्य रिकामा कारखाना: पत्रे गळालेल्या शेड, काळवंडलेल्या विटा, लोखंडी सांगाडे. चित्रपटातली छावणी ती हीच.

कारखाना कशाचा होता? कॅल्शियम कार्बाइडचा. आंबे झटपट पिकवायला चोरून वापरतात म्हणून आपल्याला माहीत असलेली ती करडी खडी. चुना आणि कोळसा विजेच्या भट्टीत दोन हजार अंशांच्या आसपास तापवला की ती तयार होते. पाणी पडलं की तिच्यातून असिटिलीन वायू सुटतो. त्यावर दिवे जळत आणि वेल्डिंग चाले. पुढे कार्बाइडपासून सायनामाइड हे खतही इथे बनू लागलं. या भट्ट्या वीज बेसुमार खातात, म्हणून त्या जलविद्युत केंद्राच्या उशाशीच उभारायच्या. पापिन्योच्या उशाशी मार्मोरेचा धबधबा आहे, उंची 165 मीटर, आणि तो निसर्गाने नव्हे, रोमन लोकांनी केलेला. इसवीसनपूर्व 271 मध्ये मानियुस कुरियुस देन्तातुस या रोमन अधिकाऱ्याने पठारावरच्या दलदलीचं पाणी काढून द्यायला कालवा खोदला आणि ते पाणी कड्यावरून खाली सोडलं. आज ते पाणी बहुतेक वेळ वीजनिर्मितीकडे वळवलेलं असतं. ठराविक वेळी भोंगा होतो, दरवाजे उघडतात आणि कोरड्या कड्यावर धबधबा ‘सुरू’ होतो. वेळापत्रकावर चालणारा धबधबा! या दरीत कुठली गोष्ट अस्सल मानायची असा प्रश्न पडतो.

कारखान्याला 1970 च्या दशकात टाळं लागलं. पंचवीसेक वर्षं गंज चढत होता तेवढ्यात सिनेमावाले आले. नेपथ्य आणि वेशभूषा दानिलो दोनाती यांची, कॅमेरा तोनिनो देल्ली कोल्ली यांचा. दोघेही तेव्हा म्हातारपणात आलेले, इटालियन सिनेमाच्या भरभराटीच्या काळात मुरलेले. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. इथे सोंगच स्वस्तात मिळालं. धुराडी होती, उंच भिंती होत्या, माणसाला मुंगी करून टाकणारी मोकळी आवारं होती, भट्टीजवळ लोखंड वाहून नेणाऱ्या गुइदोसाठी भट्टीसारखी जागा होती. पुढे तेर्नीच्या या आवारात चित्रीकरणाचे स्टुडिओ झाले आणि बेनिन्यींनी ‘पिनोकिओ’ (2002) आणि ‘द टायगर अँड द स्नो’ (2005) इथेच केले. छळछावणीच्या आवारात लाकडी बाहुल्याची परिकथा! कार्बाइडच्या भट्टीचं नशीब कुठून कुठे गेलं पाहा.

छावणी कुठल्या देशातली, नाव काय, हे चित्रपट सांगत नाही. ती तशीच, पत्त्याविना, ठेवली आहे. धुक्यात रस्ता चुकलेला गुइदो झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन चालतो आणि समोर प्रेतांचा ढीग उभा राहतो. तोही रेखाटल्यासारखा, धूसर. भयाचा तपशील दाखवायचा नाही असं दिग्दर्शकाने ठरवलेलं दिसतं. मिलानच्या ज्यू अभ्यासकेंद्रातले इतिहासकार मार्चेल्लो पेत्सेत्ती त्यांचे सल्लागार होते, म्हणजे खरं काय होतं ते माहीत नव्हतं असं नाही. तरी टीका झालीच. अशा छावणीत इतकं लहान मूल लपून राहूच शकलं नसतं, हा मुख्य आक्षेप. आक्षेप खरा आहे. पण परिकथेला पत्ता द्यायचा नसतो हेही खरं, आणि पापिन्योचा कारखाना त्या बिनपत्त्याच्या जागेला फार शोभतो. ऑशविट्झच्या फाटकाची हुबेहूब नक्कल उभारली असती तर गुइदोचा खेळ पाच मिनिटंही टिकला नसता.

कारखान्याला छावणी करणं ही चित्रपटाची कल्पकता, असं वाटत असेल तर इटलीतल्याच त्रिएस्त बंदराच्या कडेला सान साब्बा नावाच्या भागात जावं. तिथे भाताची गिरणी होती. साळ सडायची, तांदूळ वेगळा करायचा, विटांच्या उंच इमारती, भात वाळवायची सोय. आपल्याकडे भंडारा-गोंदियात किंवा कर्जतकडे असते तशी, फक्त पुष्कळ मोठी. सप्टेंबर 1943 नंतर जर्मनांनी ती ताब्यात घेतली, आधी इटालियन सैनिकांसाठी कैदखाना केला, मग पोलिसांची छावणी. ज्यूंना इथे जमवून पुढे रेल्वेने रवाना केलं जाई. पकडलेले इटालियन, स्लोव्हेन, क्रोएशियन बंडखोर इथेच मारले जात. भात वाळवायच्या जागेचं आधी प्रेतं जाळण्यासाठी रूपांतर झालं, मग एप्रिल 1944 पासून तिथे खास दहनभट्टी चालू झाली. इटलीच्या भूमीवर दहनभट्टी असलेली ही एकमेव नाझी छावणी. एप्रिल 1945 च्या अखेरीस पळ काढताना जर्मनांनी ती सुरुंग लावून उडवली. 1965 मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली. वास्तुकार रोमानो बोइको यांनी दहनभट्टीच्या जागी धातूचा पत्रा जमिनीशी समतल बसवला आणि आत शिरायच्या वाटेला दोन्ही बाजूंनी अकरा मीटर उंचीच्या काँक्रीटच्या भिंती दिल्या. आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते.

इटलीतून सुमारे सात हजार ज्यूंना छावण्यांत पाठवलं गेलं. परत आले ते हजारही नाहीत. बरेच जण आधी कार्पीजवळच्या फोस्सोली छावणीत ठेवले जात. लेखक प्रीमो लेव्ही फेब्रुवारी 1944 मध्ये तिथूनच ऑशविट्झला गेले. गुइदोच्या अरेत्सोसारख्या शहरातून उचललेल्या माणसाचाही रस्ता बहुधा असाच झाला असता.

शेवटी येतो रणगाडा. जोझुए लोखंडी पेटीतून बाहेर पडतो आणि कोपऱ्यावरून अमेरिकन रणगाडा वळतो. ऑशविट्झला रशियन पोचले होते, अमेरिकन नव्हे, असं पुष्कळांनी दाखवून दिलं. छावणीला नावच नसल्याने तो वाद मिटवता येत नाही, सोडून देऊ. मला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. गुइदोने ज्या चौकात सायकल चालवली तिथे, अरेत्सोच्या त्या डोंगरांत, खरोखर कोण पोचलं?

अरेत्सो मोकळं झालं 16 जुलै 1944 रोजी. ब्रिटनच्या आठव्या सेनेने ते घेतलं आणि या सेनेत चौथी आणि दहावी भारतीय डिव्हिजन होती. शहराच्या पूर्वेला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात दहावी डिव्हिजन डोंगरामागून डोंगर घेत उत्तरेकडे सरकत होती. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन होती. 10 जुलैला, अरेत्सो पडायच्या सहा दिवस आधी, एका ठाण्यावरच्या हल्ल्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी. ते एकटेच धावत गेले. हातबाँब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या आणि नव्या भरायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात ते गेले. वय 22. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर.

त्यांचा देह मिळाला नाही. नाव इटलीतल्या कास्सिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे, ज्यांना कबर नाही अशांच्या यादीत. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि इटलीत, मोंतोने नावाच्या डोंगरी गावात, जुलै 2023 मध्ये त्यांच्या नावाचं स्मारक झालं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. मोंतोनेपासून पियात्सा ग्रांदे सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर.

कुणाला जायचंच असेल तर फ्लॉरेन्सहून अरेत्सोला रेल्वेने तासाभरात पोचता येतं. महिन्याचा पहिला रविवार किंवा त्याच्या आदला शनिवार गाठावा. तेव्हा चौकात आणि भोवतालच्या गल्ल्यांत जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, 1968 पासून. पितळी कंदील, घासलेली कपाटं, युद्धकाळातल्या सायकली, सगळं उतारावर मांडलेलं. मोंतोनेला रेल्वे नाही. डोंगर ओलांडून तिबेरच्या खोऱ्यात उतरावं लागतं, गाडी भाड्याने घेतलेली बरी. उन्हाळ्यात जावं, आणि सकाळी लवकर. घड्याळ उन्हावर चालतं आणि हिवाळ्यात त्या खोऱ्यात धुकं फार असतं.